मार्गारेटचे हत्ती

जर्मनीतील गीन्गेन या लहानशा गावी २४ जुलै १८४७ रोजी मार्गारेट श्टाइफ हिचा जन्म झाला. ती दीड वर्षाची असताना तिला पोलिओने गाठले. दोन्ही पाय लुळे पडले व उजव्या हातातील बळ गेले. आईबापांनी दूरदूरचे उपचार करून पाहिले. गुण आला नाही. मुले तिला हातगाडीत बसवून शाळेत नेत. सतरा वर्षांची झाल्यावर मात्र तिने ठरविले, की बरे होण्याची वाट पाहत बसावयाचे नाही.

ती शिवण शिकली. झिथर नावाचे तंतुवाद्य शिकवून मिळालेल्या पैशांतून तिने शिवणयंत्र घेतले. पण यंत्राचे चाक उजव्या हाताने फिरवावे लागे आणि तोच हात दुबळा! मग तिने यंत्रच उलट बाजूने मांडले. चाक डावीकडे आले व काम झरझर होऊ लागले. उपाय किती साधा. पण तो सुचावा लागतो.

१८७७ साली तिने फेल्टच्या कपड्यांचे दुकान काढले. फेल्ट म्हणजे लोकर दाबून केलेले, आपल्या बुरणुसासारखे जाड कापड. पुढे एका मासिकात तिला हत्तीचा नमुना आढळला. त्यावरून तिने टाचण्या खोचण्यासाठी फेल्टचे हत्ती शिवले आणि आत मऊ लोकर भरली. हत्ती गेले मुलांच्या हाती! टाचण्या बाजूलाच राहिल्या. मुले त्यांच्याशी खेळू लागली. त्या काळी बाहुल्या बहुधा लाकडाच्या किंवा चिनी मातीच्या असत. कुशीत घेऊन निजावे असे खेळणे विरळाच. १८८० साली अवघे ८ हत्ती विकले गेले. भाऊ फ्रिट्झ याने ते जवळच्या बाजारात नेले. १८८५ साली ५९६ आणि पुढल्याच वर्षी पाच हजारांवर हत्ती खपले. मग माकडे, गाढवे, उंट, कुत्री, मांजरे असा सारा गोतावळा जमला. नव्या खेळण्याचा पहिला नमुना मार्गारेटबाई स्वतः शिवून पाहत. शिवण उसवेल किंवा मुलाला इजा होईल असा माल त्यांना खपत नसे.

पुतण्या रिखार्ड याने १९०२ साली हातपाय हलविता येणारे अस्वल तयार केले. बाईंना ते विकले जाईल असा भरवसा वाटेना. परंतु १९०३ साली लाइप्झिगच्या जत्रेत अमेरिकेतील एका व्यापाऱ्याने ३,००० अस्वले मागविली! अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या लाडक्या नावावरून अशा अस्वलांना 'टेडी' म्हणू लागले. नकली माल ओळखता यावा म्हणून १९०४ पासून खेळण्यांच्या कानात धातूची गुंडी बसवू लागले. पहिल्या गुंड्यांवर चित्र होते ते हत्तीचेच. १९०७ साली ९,७४,००० अस्वले तयार झाली. कारखान्यात ४०० माणसे होती; शिवाय १,८०० जणांना घरबसल्या काम मिळत होते.

९ मे १९०९ रोजी न्यूमोनियाने मार्गारेटबाईंचे निधन झाले. कारखान्याचा कारभार पुतण्यांनी पुढे चालविला.