गृहीतक, अनुमान, पडताळा आणि बार्शीचे दीक्षित मास्तर

निरीक्षण, गृहीतक, अनुमान, पडताळा हे शब्द आपण एका दमात फळ्यावर लिहितो आणि मुलं ते सगळे एकच समजून पाठ करतात. ते वेगळे करून दाखवायला आपल्याच सोलापूर जिल्ह्यात नोकरी केलेला एक शिक्षक उपयोगी पडतो.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ चा, दापोली तालुक्यातल्या मुरूडचा. मॅट्रिक होऊन ते मराठी शाळेत मास्तर झाले. रेवदंडा, ठाणे करत १८८२ साली बार्शीच्या इंग्रजी शाळेत आले. शाळा सांभाळून ज्योतिषगणित चालूच.

त्या काळात फ्लीट हे इंग्रज अधिकारी गुप्त राजांचे शिलालेख वाचत होते. लेखांत वर्षाचा आकडा असे, पण ती कालगणना नेमकी कधी सुरू झाली यावर विद्वानांत भांडण. मध्य प्रदेशात एरण इथल्या स्तंभावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असं कोरलंय. हे निरीक्षण, जे दिसतं तेवढंच, पदरचं काही नाही. गणना इ.स. ३१९ च्या सुमारास सुरू झाली असं धरून चालू, हे गृहीतक. तसं असेल तर ती तिथी इ.स. ४८४ मध्ये गुरुवारीच यायला हवी, हे अनुमान. दीक्षितांनी गणित मांडलं, तर २१ जून ४८४, गुरुवार! हा पडताळा.

पण वार सातच. एखादा योगायोगानेही जुळेल. म्हणून त्यांनी इतर लेखांच्या तिथीही तपासल्या. काही लेखांत गुरू ग्रहाच्या बारा वर्षांच्या चक्रातलं संवत्सराचं नाव होतं, तेही वेगळ्या गणिताने ताडून पाहिलं. (आपण मात्र एकदाच प्रयोग करून वहीत 'सिद्ध झाले' लिहून घेतो.) हे काम फ्लीट यांच्या १८८८ च्या ग्रंथात आहे.

पुढे ते धुळे आणि पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होते. १८९६ ला 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ आला, तोही मराठीत. १८९८ साली, पंचेचाळिशीही गाठायच्या आत, ते वारले.

कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत, या शतपथ ब्राह्मणातल्या उल्लेखावरून त्यांनी त्या ग्रंथाचा काळ इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा काढला. यातलं गणित चोख आहे. पण लिहिणाऱ्याने ते त्याच काळी डोळ्यांनी पाहिलं होतं, हे गृहीतक. ते सगळ्यांना मान्य नाही, आणि त्यावरचा वाद आजही चालू आहे.