मैल्याचं सोनखत करणारे अप्पासाहेब

मंडणगड : लाल माती, उताराची शेतं आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. कोकणात जमिनीचा कस दर पावसाळ्यात पाण्याबरोबर वाहून जातो. त्यात शेण आणि कवळ दाढ भाजण्यात संपतं. मग नांगरणी, चिखलणी कितीही चांगली करा, खाचराला खत कुठून आणायचं? कोकण गांधी अप्पासाहेब पटवर्धन यांनी याचं उत्तर घराच्या परसात शोधलं.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म 1894 चा, आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातला. तत्त्वज्ञान शिकले, एम.ए. झाले, पण नोकरीत रमले नाहीत. गांधीजींच्या मागे गेले आणि कोकणातच काम करत राहिले. 1930 मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात ते पुढे होते.

1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितलं. जातीने ब्राह्मण म्हणून सरकारने ते दिलं नाही. अप्पासाहेब हटले नाहीत, त्यांनी अन्न कमी केलं. त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरमध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपवास केला.

1948 मध्ये त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढला. तेव्हा कणकवली रत्नागिरी जिल्ह्यातच होती. तिथे मेलेली जनावरं सोलून चामडं कमावण्याचं काम सुरू झालं. ज्या कामाला लोक नाक मुरडायचे, ते अप्पासाहेब स्वतः करायचे.

गोपुरी संडासाची रीत साधी होती. प्रत्येक वापरानंतर वर माती, राख, पालापाचोळा टाकायचा. एक टाकी भरली की बंद करून दुसरी वापरायची. बंद टाकीतला मैला कुजून वास नसलेलं भुसभुशीत खत होई. त्यालाच सोनखत म्हणतात. जमिनीतून आलेलं जमिनीला परत जाई आणि डोक्यावरून मैला वाहायची कुणावर वेळ येत नसे.

10 मार्च 1971 रोजी अप्पासाहेब गेले. आज गावोगाव दोन खड्ड्यांचे संडास आहेत, त्यांचंही तत्त्व हेच. भरलेला खड्डा किमान वर्षभर बंद ठेवला, त्यात पाणी शिरू दिलं नाही, तर आत खत तयार होतं. झाडाच्या आळ्यात ते चालतं. पण खड्डा भरला की आपल्याकडे गाडी बोलावून उपसा होतो आणि शेतासाठी युरियाची गोणी विकत येते.