निकोलाय वाव्हिलोव

निकोलाय इव्हानोविच वाव्हिलोव (२५ नोव्हेंबर, १८८७, मॉस्को, रशिया – २६ जानेवारी, १९४३, सारातोव, सोव्हिएत संघ) हे सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ, आनुवंशिकीतज्ज्ञ आणि पीकसुधारक होते. लागवडीच्या वनस्पतींच्या उगमकेंद्रांचा सिद्धान्त त्यांनी मांडला आणि लेनिनग्राड येथे पिकांच्या बियाण्यांचा त्या काळातील जगातील सर्वांत मोठा संग्रह उभा केला. दुष्काळाच्या निवारणासाठी आयुष्य वेचणाऱ्या या शास्त्रज्ञाचा अंत तुरुंगात उपासमारीने खंगून झाला.

प्रारंभिक जीवन
वाव्हिलोव यांचा जन्म मॉस्कोतील एका व्यापारी कुटुंबात झाला. वडिलांचे बालपण खेड्यातील दारिद्र्यात गेले होते आणि नापिकीच्या आठवणी घरात ताज्या होत्या. धाकटे बंधू सर्गेई वाव्हिलोव हे पुढे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ व सोव्हिएत विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. निकोलाय यांनी मॉस्कोच्या कृषी संस्थेतून १९१० मध्ये पदवी घेतली. १९१३-१४ मध्ये ते इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांच्याकडे शिकले. वनस्पतींची रोगप्रतिकारशक्ती हा त्यांच्या आरंभीच्या संशोधनाचा विषय होता. १९१७ पासून ते सारातोव येथे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये पेट्रोग्राडच्या उपयोजित वनस्पतिशास्त्र विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

संशोधन आणि बीजसंकलन
१९२० मध्ये वाव्हिलोव यांनी आनुवंशिक परिवर्तनातील समजातीय मालिकांचा नियम मांडला. जवळच्या नात्यातील प्रजातींमध्ये गुणभेदांच्या समांतर मालिका आढळतात. त्यामुळे एका प्रजातीत दिसलेला गुण दुसरीत कोठे शोधावा याचा अंदाज बांधता येतो, असे या नियमाचे सार आहे.

१९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी उगमकेंद्रांची कल्पना विशद केली. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाचे सर्वाधिक विविध प्रकार आढळतात, तो प्रदेश त्या पिकाचे उगमस्थान असण्याचा संभव मोठा, असे त्यांचे मत होते. चीन केंद्रात त्यांनी सोयाबीन, मेक्सिको व मध्य अमेरिकेत मका, भारतात तूर, वांगे व आंबा, तर इथिओपियात एरंड, कारळे व कॉफी यांचा समावेश केला. विविधतेचे केंद्र हेच नेहमी उगमस्थान असते असे नाही, हे नंतरच्या संशोधनातून दिसून आले असले, तरी नकाशाचा गाभा टिकून राहिला.

या शोधासाठी त्यांनी इराण व पामीर (१९१६), अफगाणिस्तान (१९२४), भूमध्यसागरी देश व इथिओपिया (१९२६-२७), पश्चिम चीन, जपान व कोरिया (१९२९) आणि दोन्ही अमेरिका असे दूरवर प्रवास केले. १९४० पर्यंत संस्थेच्या संग्रहात सुमारे २,५०,००० नमुने जमा झाले होते. हे नमुने निरनिराळ्या हवामानातील प्रयोगक्षेत्रांवर पेरून त्यांचे उत्पादन व रोगप्रतिकारशक्ती पारखली जात असे.

लिसेन्को आणि अटक
ट्रोफिम लिसेन्को यांच्या बीजप्रक्रियेच्या प्रयोगांना वाव्हिलोव यांनी सुरुवातीला प्रोत्साहनच दिले होते. पुढे लिसेन्को यांनी आनुवंशिकीचे मूलभूत सिद्धान्त नाकारले आणि अल्पावधीत भरघोस पिकांचे आश्वासन देऊन स्टालिन यांचा पाठिंबा मिळवला. नवे वाण सिद्ध होण्यास वर्षानुवर्षांची निवड व संकर लागतात, या भूमिकेवरून वाव्हिलोव मागे हटले नाहीत. १९३९ च्या एडिंबरा येथील आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषदेचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले होते. परंतु त्यांना तेथे जाऊ दिले गेले नाही.

६ ऑगस्ट, १९४० रोजी युक्रेनमधील संकलन मोहिमेवर असताना त्यांना अटक झाली. जुलै १९४१ मध्ये सुनावलेली मृत्युदंडाची शिक्षा नंतर २० वर्षांच्या कारावासात बदलण्यात आली. पत्नी येलेना बारुलिना, ज्या स्वतः मसुराच्या अभ्यासक होत्या, युद्धकाळात सारातोव येथेच राहत होत्या. मात्र पती त्याच शहराच्या तुरुंगात असल्याची त्यांना कल्पना नव्हती. १९५५ मध्ये वाव्हिलोव यांना मरणोत्तर दोषमुक्त करण्यात आले.

वेढ्यातील बीजसंग्रह
सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ या काळात लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. संस्थेतील सहकाऱ्यांनी भुकेल्या शहरात धान्याची पाकिटे जपली. भाताचे अभ्यासक दिमित्री इव्हानोव, भुईमुगाचे अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन यांच्यासह अनेकांचा उपासमारीने मृत्यू झाला; परंतु संग्रहातील बियाणे त्यांनी खाल्ले नाही.

जैवइंधन पिके आणि वाव्हिलोव यांचा विचार
मका, सोयाबीन, ऊस यांसारखी पिके आज इंधनासाठीही घेतली जातात. त्यांच्या सुधारणेचा पाया उगमप्रदेशातील विविधताच आहे. मोगली एरंडाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते. हे झुडूप मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. एकविसाव्या शतकाच्या आरंभी डिझेलला पर्याय म्हणून महाराष्ट्रासह भारतात त्याच्या लागवडीला चालना मिळाली. पण बियांचे उत्पादन अपेक्षेपेक्षा बरेच कमी आले. पाण्याची टंचाई व सिद्ध वाणांचा अभाव ही त्याची कारणे होती. आशिया व आफ्रिकेतील झाडांत आनुवंशिक भेद अत्यल्प असल्याचे रेणवीय अभ्यासांत आढळले. म्हणजे निवडीला फारसा वावच नव्हता. खरी विविधता, विषारी द्रव्य नसलेल्या प्रकारांसह, मूळ प्रदेशात आहे. त्यामुळे पैदासकारांना पुन्हा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडे वळावे लागले.

सन्मान
वाव्हिलोव यांना १९२६ मध्ये लेनिन पारितोषिक मिळाले. १९४२ मध्ये, ते तुरुंगात असताना, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांची परदेशी सदस्य म्हणून निवड केली. सेंट पीटर्सबर्ग येथील त्यांच्या संस्थेला आज त्यांचे नाव आहे. चंद्रावरील एक विवर आणि २८६२ क्रमांकाचा लघुग्रह यांना दोघा वाव्हिलोव बंधूंच्या स्मरणार्थ नाव देण्यात आले आहे.