जागेच्या अडतीपासून शब्दांच्या पेढीपर्यंत : अल्बर्ट लास्कर

वैद्यकीय संशोधनासाठी दिला जाणारा लास्कर पुरस्कार जाहीर झाला की, येत्या काही वर्षांत नोबेल कोणाला मिळेल याचे अंदाज बांधले जाऊ लागतात. ज्यांच्या नावाशी हा पुरस्कार जोडलेला आहे ते अल्बर्ट डेव्हिस लास्कर डॉक्टर नव्हते, शास्त्रज्ञही नव्हते. ते शिकागोच्या एका जाहिरात संस्थेचे मालक होते. ३० मे १९५२ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. जाहिरात संस्था कशी चालवावी, तिने नेमके काय विकावे आणि तिची वाढ कशाच्या बळावर व्हावी, या प्रश्नांची त्यांनी दिलेली उत्तरे आजही या व्यवसायाच्या पायात आहेत.

लास्कर यांचा जन्म १ मे १८८० रोजी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे झाला. त्यांचे बालपण मात्र अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या गॅल्व्हेस्टन या बंदरात गेले. वडील मॉरिस लास्कर यांनी गिरणी आणि बँक व्यवसायात चांगले बस्तान बसविले होते. मुलाला ओढ वर्तमानपत्राची. वयाच्या बाराव्या वर्षी त्याने स्वतःचे साप्ताहिक काढले आणि वर्षाहून अधिक काळ ते चालविले. वार्ताहर होण्याचा त्याचा मनोदय वडिलांना रुचला नाही. त्या काळच्या पत्रकारांच्या मद्यपानाची त्यांना धास्ती होती. ओळखीतून त्यांनी १८९८ मध्ये शिकागोच्या ‘लॉर्ड अँड थॉमस’ या जाहिरात संस्थेत मुलाला तीन महिन्यांसाठी उमेदवारीवर धाडले. आठवड्याला दहा डॉलर पगार आणि कामात पिकदाण्या साफ करण्याचाही समावेश. जुगारात हरलेले पैसे फेडण्यासाठी मालक थॉमस यांच्याकडून उचल घ्यावी लागली आणि ती फिटेपर्यंत थांबणे भाग पडले, असे लास्कर पुढे सांगत. थांबले ते ४४ वर्षे.

त्या काळातील जाहिरात संस्था म्हणजे एक प्रकारची अडत होती. भाजीबाजारातील अडत्या ज्याप्रमाणे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला मिळवून देतो आणि मधली टक्केवारी घेतो, त्याप्रमाणे संस्था वर्तमानपत्रातील कोरी जागा कारखानदाराला मिळवून देत असे. त्या जागेत काय छापावे, हा बहुधा कारखानदाराचाच प्रश्न असे. मजकूर लिहिणाऱ्यास संस्थेत फारसे स्थान नव्हते. तरुण लास्कर यांनी फिरतीवर राहून नवी गिऱ्हाइके मिळविली, पण एक गोष्ट त्यांना सलत राहिली. जागा सर्वांनाच मिळते. मग एखाद्या कारखानदाराने आपल्याच संस्थेकडे का यावे?

लुईव्हिल येथे बहिऱ्यांसाठी कृत्रिम कर्णपटल विकणारी विल्सन नावाची एक कंपनी होती. तिच्याकडून संस्थेला दहा टक्के कमिशन मिळे. मजकूर आम्ही लिहून देतो, पण कमिशन १५ टक्के द्यावे, असा प्रस्ताव लास्कर यांनी मांडला आणि तो मान्य झाला. विक्री वाढली. रक्कम लहान होती; परंतु जागेच्या अडतीवर शब्दांचे मोल चढल्याचे हे हिशेबी प्रमाण होते. संस्थेच्या पुढील विस्ताराचे बीज या पाच टक्क्यांत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

मात्र चांगला मजकूर कशाला म्हणायचे, हे त्यांना सांगता येत नव्हते. १९०४ मध्ये जॉन केनेडी नावाच्या गृहस्थाने इमारतीच्या तळमजल्यावरून वर एक चिठ्ठी पाठविली. जाहिरात म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, असा तिचा आशय. कॅनडाच्या घोडेस्वार पोलीस दलात होतो, असे सांगणाऱ्या या अनोळखी माणसाला थॉमस वाटेला लावणार होते. लास्कर यांनी त्याला बोलावून घेतले. दोघांचे बोलणे मध्यरात्र उलटून गेली तरी संपले नाही. केनेडी यांचा विचार साधा होता. चांगला विक्रेता दारात उभा राहून जे करतो तेच छापील मजकुराने करावे. ही वस्तू का घ्यावी याचे पटेल असे कारण वाचकाला द्यावे. वस्तूचे नाव मोठ्या अक्षरांत छापणे आणि यमक जुळविणे एवढ्यावर भागविणाऱ्या त्या काळात ही गोष्ट नवी होती.

लास्कर यांनी केनेडींना मोठ्या पगारावर नेमले आणि त्यांच्याकडून स्वतः धडे घेतले. पुढे तरुण लेखक हेरून त्यांना हीच शिकवण देण्यास सुरुवात केली. कोणत्या पत्रातील कोणत्या जाहिरातीमुळे किती चौकशीपत्रे आली आणि एका पत्रामागे किती खर्च पडला, याची नोंद संस्थेत पद्धतशीरपणे ठेवली जाऊ लागली. आज संगणकाच्या पडद्यावर दर क्षणाला दिसणारे आकडे तेव्हा कारकून वहीत मांडत. प्रश्न तोच होता.

केनेडी फार काळ टिकले नाहीत. त्यांच्यानंतर क्लॉड हॉपकिन्स आले आणि संस्थेचे खरे वैभव त्यांच्या काळातले. एका बिअरच्या जाहिरातीने मद्यापासून दूर राहणारे प्रकाशक सायरस कर्टिस यांनाही मोहात पाडले होते. त्यांनीच लास्कर यांचे लक्ष या लेखकाकडे वेधले. हॉपकिन्स यांना आठवड्याला १,००० डॉलर देऊ केले गेले. त्या दिवसांत मजकूर लिहिणाऱ्यास इतका पगार देणे हा वेडेपणाच वाटला असणार. परंतु संस्थेकडे यंत्रे नसतात, कच्चा माल नसतो. जे काही असते ते माणसांच्या डोक्यात असते, हे लास्कर यांनी ओळखले होते. १९०६ मध्ये थॉमस निवर्तले आणि १९१२ पर्यंत संपूर्ण संस्था लास्कर यांच्या मालकीची झाली.

कॅलिफोर्नियातील संत्रा बागाइतदारांच्या सहकारी संघाचे काम या संस्थेची पद्धत नीट दाखविते. आधी आयोवा या एकाच राज्यात प्रायोगिक मोहीम झाली, खप वाढल्याचे दिसले आणि मग देशभर ‘सनकिस्ट’ हे नाव गेले. पुढे पीक इतके वाढले की शेतकऱ्यांवर झाडे तोडण्याची पाळी येऊ लागली. तेव्हा संस्थेने संत्रे सोलून खाण्याऐवजी त्याचा रस पिण्याची सवय लोकांना लावली. एका पेल्यासाठी दोन-तीन संत्री लागतात, हा त्यातला हिशेब. नागपूरच्या संत्र्याची चर्चा दर हंगामात ऐकणाऱ्या वाचकांना या युक्तीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पामोलिव्ह साबण, क्वेकरचे फुगविलेले गहू-तांदूळ, भारतातही घरोघरी ठाऊक असलेले पेप्सोडेंट ही नावेही याच कचेरीतून मोठी झाली. नभोवाणी आली तेव्हा पेप्सोडेंटने ‘अ‍ॅमॉस अँड अँडी’ हा विनोदी कार्यक्रम १९२९ पासून देशभर पोहोचविला. लोक दूथपेस्टची जाहिरात ऐकण्यासाठी नव्हे, तर कार्यक्रमासाठी यंत्रापुढे बसत आणि जाहिरातही ऐकत.

मधल्या काळात लास्कर राजकारणातही वावरले. १९२० मध्ये वॉरन हार्डिंग यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचाराला त्यांनी हातभार लावला आणि १९२१ ते १९२३ सरकारी नौवहन मंडळाचे अध्यक्षपद भूषविले. शिकागोच्या कब्स या बेसबॉल संघातही त्यांची मोठी भागीदारी होती.

मालक म्हणून ते सोपे नव्हते. निराशेच्या दीर्घ आजाराने त्यांना अनेकदा कामापासून दूर नेले. पहिला मोठा झटका १९०७ मधला. परतले की, ते कचेरी हलवून सोडीत. मंदीच्या वर्षांत त्यांनी पगार कापले आणि अनेकांना घरी पाठविले. चित्रकारांचे विभाग व बाजार संशोधन यांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, आणि इतर संस्था याच गोष्टींच्या बळावर पुढे सरकू लागल्या होत्या. तेथे शिकून बाहेर पडलेल्या कित्येकांनी स्वतःच्या संस्था काढल्या. माणसे घडविणे त्यांना जमले. घडलेली माणसे राखणे तितके जमले नाही, असे त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना वाटते.

आणि मग लकी स्ट्राइक. अमेरिकन टोबॅको कंपनीची ही सिगारेट संस्थेच्या सर्वांत मोठ्या कामांपैकी एक बनली. स्त्रियांनी चारचौघांत सिगारेट ओढणे तेव्हा शिष्टसंमत नव्हते. लास्कर यांनी गायिका आणि अभिनेत्रींच्या शिफारशी छापून तो संकोच मोडण्यास मदत केली. गोडधोड खाण्याऐवजी सिगारेट शिलगावण्याचा सल्ला देणारी १९२८ची मोहीम विशेष गाजली. जे कौशल्य संत्र्याच्या रसासाठी वापरले गेले तेच येथेही वापरले गेले, तितक्याच चोखपणे.

१९३६ मध्ये पत्नी फ्लोरा यांचे निधन झाले. १९४० मध्ये त्यांनी मेरी रेनहार्ट यांच्याशी विवाह केला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. मुलगा एडवर्ड याला संस्था पुढे चालविण्यात रस नव्हता. १९४२ च्या अखेरीस लास्कर यांनी संस्था इमर्सन फूट, फेअरफॅक्स कोन आणि डॉन बेल्डिंग या आपल्या तीन प्रमुख सहकाऱ्यांना सुमारे एक लाख डॉलर इतक्या अल्प रकमेत दिली. अट एकच होती. लॉर्ड अँड थॉमस हे नाव त्यांच्यासोबतच संपावे. तिघांनी स्वतःच्या नावांनी नवी पाटी लावली. मुंबईत १९६१ मध्ये बाळ मुंडकूर यांनी सुरू केलेली ‘उल्का’ ही जाहिरात संस्था पुढे याच परिवारात सामील झाली.

त्याच वर्षी लास्कर दांपत्याने वैद्यकीय संशोधनासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. अमेरिकेतील कर्करोगविरोधी संघटनेचे रूप त्यांनी पालटले. निधी संकलन, प्रचार आणि जमलेल्या पैशातील ठराविक हिस्सा संशोधनासाठी राखणे, या साऱ्यात जाहिरात व्यवसायाचा अनुभव कामी आला. कर्करोग हा शब्द नभोवाणीवर उच्चारणेही तेव्हा अप्रशस्त मानले जाई. ती अडचण दूर करण्यात लास्कर यांच्या ओळखी उपयोगी पडल्या. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारे महत्त्वाचे अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर दोन वर्षांनी लास्कर यांचा मृत्यू झाला, तोही कर्करोगानेच. मेरी लास्कर यांनी हे कार्य पुढे चार दशके चालविले. १९७१च्या राष्ट्रीय कर्करोग कायद्यामागे त्यांचे प्रयत्न होते.

लास्कर यांच्या तीन वारसदारांपैकी इमर्सन फूट यांची संस्था १९४८ मध्ये अमेरिकन टोबॅकोच्या कामातून स्वतःहून बाहेर पडली. लक्षावधी डॉलरचे ते काम होते. पुढे फूट मॅकॅन-एरिक्सन या मोठ्या संस्थेत उच्च पदावर गेले आणि १९६४ मध्ये तेही सोडून त्यांनी धूम्रपानविरोधी प्रचाराला वाहून घेतले.