मतासाठी उपास सोसणाऱ्या अ‍ॅलिसबाई

भगिनींनो, मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लागली की मला अ‍ॅलिस पॉल आठवतात. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या क्वेकर घरात १८८५ साली त्या जन्मल्या. शिकायला इंग्लंडात गेल्या आणि तिथल्या चळवळीत तुरुंगही पाहून आल्या. ३ मार्च १९१३ रोजी त्यांनी वॉशिंग्टनमध्ये हजारो स्त्रियांची मिरवणूक काढली. काळ्या भगिनींना मात्र मागे चालायला सांगण्यात आले. आयडा वेल्स यांनी ते मानले नाही. त्या आपल्या इलिनॉयच्या तुकडीतच चालल्या. हा डाग झाकू नये, असे मला वाटते.

१९१७ साली व्हाइट हाउससमोर फलक घेऊन उभे राहण्याच्या चळवळीपायी अ‍ॅलिसबाईंना कैद झाली. त्यांनी अन्न सोडले, तेव्हा नळी घालून ते जबरीने भरवले गेले. १९२० साली घटनादुरुस्ती होऊन मताधिकार आला. १९७७ साली त्या वारल्या. त्यांच्या लढ्यावरची ‘सफ्स’ ही संगीतिका २०२४ साली ब्रॉडवेवर आली.

आपल्या मुंबई इलाख्यातही रमाबाई रानडे यांच्यासारख्या झटल्या, तेव्हा १९२१ साली स्त्रियांना मत मिळाले; तेही मालमत्तेच्या अटीवर. म्हणून सांगते, मतदानाला निघताना शेजारणीलाही हाक मारा.