कार्ल लँडस्टायनर : रक्तगट शोधणारा डॉक्टर

वजन कमी करायचंय म्हटलं की हल्ली कुणीतरी आधी रक्तगट विचारतं. ओ असेल तर मांस खा, गहू आणि दूध सोड. ए असेल तर शाकाहारी हो. बी असेल तर दूधदुभतं चालेल. एबीवाल्यांनी म्हणे थोडं हे, थोडं ते. अशा तक्त्यापायी हॉस्टेलवर कुणी पोळी सोडतं, कुणी डाळ. पण हे गट ज्याने शोधले त्या माणसाची गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते, म्हणून हा लेख.

कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ चा, ऑस्ट्रियातला. वडील पत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचे असताना ते गेले आणि आईनेच मुलाला वाढवलं. व्हिएन्ना विद्यापीठातून १८९१ मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी त्यांचा एक निबंध छापून आला. विषय काय, तर आहाराचा रक्तातल्या क्षारांवर होणारा परिणाम! म्हणजे अन्न आणि रक्त यांचा संबंध त्यांनी विद्यार्थी असतानाच तपासायला घेतला होता. पुढे काही वर्षं जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये रसायनशास्त्र शिकून ते व्हिएन्नाला परतले. तिथे १८९८ ते १९०८ या काळात त्यांनी साडेतीन हजारांहून जास्त शवविच्छेदनं केली.

त्या काळी एकाचं रक्त दुसऱ्याला चढवणं म्हणजे जुगारच होता. एखादा रोगी वाचायचा, दुसरा तडफडून मरायचा. कारण कुणालाच सांगता येत नव्हतं. दोन माणसांचं रक्त मिसळलं की कधी कधी गुठळ्या होतात हे दिसलं होतं, पण तो आजाराचा परिणाम असावा असं बहुतेकांना वाटे. लँडस्टायनर यांनी धडधाकट माणसंच घेतली: ते स्वतः आणि प्रयोगशाळेतले सहकारी. प्रत्येकाच्या रक्तातला पातळ भाग आणि तांबड्या पेशी वेगळ्या केल्या आणि एकाच्या पेशी दुसऱ्याच्या सीरममध्ये, असं सगळ्यांचं सगळ्यांशी मिसळून पाहिलं. कुठे गुठळ्या झाल्या, कुठे नाही. मांडणी केल्यावर तीन गट दिसले. १९०१ मध्ये त्यांनी ते छापले: ए, बी आणि सी. त्या सीलाच आपण आज ओ म्हणतो. एबी हा चौथा गट पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की महागडं यंत्र नाही, काही नाही. थोडं रक्त, काही नळ्या आणि चिकाटी.

मसूर, वाटाणा, घेवडा यांच्या अर्कानेही तांबड्या पेशी चिकटतात, हेही त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९०७ च्या सुमारास दाखवलं. या द्रव्यांना आज लेक्टिन म्हणतात. रक्तगटाच्या डाएटचा सगळा डोलारा याच लेक्टिनवर उभा आहे. पण नळीतला कच्चा अर्क वेगळा आणि कुकरच्या चार शिट्ट्या झालेली आमटी वेगळी. शिजवल्यावर लेक्टिनचा बराचसा जोर जातो, उरलेल्याची गाठ आधी पोटातल्या पाचकरसांशी पडते.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात उपासमार होती. अशा वेळी १९१९ मध्ये हा एवढा मोठा शास्त्रज्ञ बायको आणि लहान मुलाला घेऊन हॉलंडला गेला आणि हेग शहरातल्या एका छोट्या कॅथलिक इस्पितळात लघवी-रक्ताच्या रोजच्या तपासण्या करत राहिला. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटचं बोलावणं आलं. नोबेल १९३० मध्ये मिळालं, म्हणजे शोधानंतर जवळपास तीस वर्षांनी. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत त्यांनी आर-एच घटक जाहीर केला. आपल्या गटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ते हेच. निवृत्तीनंतरही त्यांचं काम सुटलं नाही. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेतच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी, २६ जूनला, ते गेले.

गटागटाने जेवायला सांगणारं पीटर डी'अ‍ॅडॅमो यांचं पुस्तक आलं ते त्यानंतर ५३ वर्षांनी, १९९६ मध्ये. ते हातोहात खपलं. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी १,४५५ जणांचा आहार आणि रक्तगट ताडून पाहिला. निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. ए गटासाठी सांगितलेला भाजीपाल्याचा आहार घेणाऱ्यांचं वजन आणि कंबर कमी होती खरी, पण ती कुठल्याही गटाच्या माणसाची! म्हणजे गुण भाजीचा, गटाचा नव्हे. मैत्रीण बारीक झाली असेल तर बहुधा वडापाव आणि कोल्ड्रिंक सुटल्यामुळे.

आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दुर्मिळ गट जगापुढे आणला, त्याचं नावच बॉम्बे गट पडलं. नेहमीच्या तपासणीत ही माणसं ओ गटाची वाटतात. त्यांनी ओ गटाचा तक्ता पाळला तर फार तर पोळीला मुकतील. ओ गटाचं रक्त चढवलं तर मात्र जीव जाऊ शकतो. म्हणून रक्तपेढीत नुसत्या गटावर भागवत नाहीत. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त आजही आधी एकमेकांशी जुळवून पाहतात.