यमूला बोलते करणारे हरिभाऊ

गणिताने दगा दिल्यामुळे पदवी न घेताच महाविद्यालय सोडावे लागलेल्या एका पुणेकर तरुणाने पुढे मराठी कादंबरीला वास्तवाची वाट दाखविली. हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि लेखनाला निवांतपणा लाभला.

१८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. त्यातील त्यांच्या स्फुट गोष्टींनी मराठी लघुकथेचा पाया घातला. मात्र कथेतील 'मी' किती दूर जाऊ शकतो, हे त्यांनी दाखविले ते त्याच साप्ताहिकात १८९० ते १८९३ या काळात क्रमशः आलेल्या 'पण लक्षात कोण घेतो!' या कादंबरीत. येथे लेखक बाजूला होतो आणि यमू स्वतःच बोलू लागते.

आरंभीची यमू म्हणजे दादाशी खेळणारी, भांडणारी पोर. घरातील मोठ्यांचा धाक तिला कळतो, त्यामागचे कारण कळत नाही. हा भाग आजच्या वाचकाला लांबलेला वाटेल. पण तो गाळला तर पुढची यमू हाती लागत नाही. लग्न होते, समंजस नवऱ्यामुळे लिहिणे-वाचणे येते, मुंबईचे मोकळे दिवस लाभतात आणि तिच्या बोलण्यात प्रश्न येऊ लागतात. यमू शहाणी झाली, असे सांगायला हरिभाऊ कोठेही पुढे येत नाहीत. तिची नजर बदलते, तेवढ्यावरून ते कळते. शिवाय सांगणारी यमू विधवा आहे. शेवट तिला ठाऊक आहे. त्यामुळे सुखाचे प्रसंगही वाचकाला निर्धास्तपणे वाचता येत नाहीत. पतीच्या निधनानंतर तिचे बळजबरीने केशवपन होते, तेव्हा विधवांचा प्रश्न हा वादाचा विषय उरत नाही; इतकी वर्षे ओळखीची झालेली एक बाई समोर असते. सभेतील भाषणांना जे साधणे अवघड, ते एका पुरुषाने स्त्रीच्या तोंडून साधले, हे विशेष.

'मी' या पुढच्या कादंबरीतही त्यांनी आत्मनिवेदनच निवडले. लेखनाबरोबर नगरपालिकेचे कामही त्यांनी केले. १९१२ मध्ये अकोला येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा 'कर्मयोग' ही कादंबरी अपुरीच राहिली होती.